आउटपुट दिसतं, मग टाइप का होत नाही?

दादरच्या आमच्या क्लासमध्ये नवी बॅच बसली की पहिल्याच आठवड्यात हे ठरलेलं. मुलगी सब्लाइम टेक्स्ट या कोड लिहायच्या एडिटरमध्ये पायथन भाषेत नाव विचारणाऱ्या दोन ओळी लिहिते आणि तो प्रोग्राम चालवायला कंट्रोल-बी दाबते. खालच्या पट्टीत 'तुझं नाव काय?' उमटतं आणि पाठोपाठ ईओएफ एरर, म्हणजे 'एंड ऑफ फाइल', मजकूर संपला. "सर, मी अजून काही टाइपच केलं नाही!" खरंच आहे तिचं. त्या पट्टीला कीबोर्ड जोडलेलाच नाही. प्रोग्राम वाचायला गेला, हाती काही लागलं नाही, म्हणून मजकूर संपला असं त्याने धरलं.

याचं मूळ टेलिटाइपमध्ये, म्हणजे कीबोर्ड आणि छपाई एकत्र असलेल्या यंत्रामध्ये आहे. १९७० च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम घडवत होते, तेव्हा टाइप करायचं आणि छापून यायचं ते एकाच यंत्रावर. टर्मिनलला, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीला, आजही टीटीवाय म्हणतात ते त्यावरूनच. प्रोग्रामला वाचायला ० क्रमांकाची वाट, लिहायला १ क्रमांकाची. दोन्ही त्याच यंत्राकडे जात, त्यामुळे त्या वेगळ्या आहेत हे सहसा जाणवत नसे. पण वेगळ्या होत्या, म्हणून तर १९७३ मध्ये पाइप आले आणि एकाचं आउटपुट थेट दुसऱ्याचं इनपुट झालं.

आमची पिढी टर्बो सीच्या, म्हणजे सी भाषेच्या जुन्या एडिटर-कंपायलरच्या, निळ्या पडद्यावर शिकली. ते १९८७ चं. रन केलं की निळा पडदा बाजूला व्हायचा, अख्खी स्क्रीन आणि कीबोर्ड प्रोग्रामच्या ताब्यात. कीबोर्डवरून वाचणारा स्कॅनएफ कधी अडला नाही. आमचं दुखणं उलटं: काम संपलं की निळा पडदा लगेच परत, उत्तर दिसायचंच नाही. म्हणून शेवटी गेटसीएच, म्हणजे एक की दाबेपर्यंत थांबायची सूचना, लिहायचं, जर्नलमध्येसुद्धा. ते की वाचायचं, पण कोणती की याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं! ऑल्ट-एफ५ दाबलं की उत्तर पुन्हा दिसतं, हे मला फार उशिरा कळलं.

सब्लाइम २००८ चा. त्याची खालची पट्टी बिल्डसाठी, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरच्या तक्रारी दाखवायला. कंपायलर काही विचारत नाही, तेव्हा ऐकायची सोय कशाला? त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पायथन ३ आलं आणि टाइप केलेलं वाचणाऱ्या रॉ-इनपुटचं नाव नुसतं इनपुट झालं. जुन्या पायथनमधलं इनपुट मात्र टाइप केलेलं कोड समजून चालवायचं. तो गोंधळ आणखी वेगळा.

व्हीएस कोड या दुसऱ्या एडिटरमध्ये कोड रनर हे प्रोग्राम चालवायचं एक्स्टेन्शन वापरणाऱ्यांना एररही दिसत नाही. आउटपुटच्या पट्टीत टाइप होत नाही, आणि प्रोग्राम वाट बघत बसून राहतो. सेटिंग्जमध्ये 'रन इन टर्मिनल' वर टिक केली की तोच प्रोग्राम टर्मिनलमध्ये चालतो, नाव विचारून थांबतो आणि तिथे ते टाइप करता येतं.