दोन ग्रॅम हवेचा बेस

भाच्याने चाळीसगावहून फोन न करता थेट रिक्षात बॉक्स टाकून आणला. बेस गिटारचा जुना अॅम्प आणि बारा इंची स्पीकरचा बॉक्स. लग्नसराईत बँडबरोबर वाजवायचं म्हणून साठवलेल्या पैशांतून घेतलेला. "मामा, विकणारा हजार वॅटचा म्हणाला. मग जाड तार दम का देत नाही?"

हजाराचा आकडा पीएमपीओचा, म्हणजे जाहिरातीतल्या क्षणिक कमाल ताकदीचा होता. हा आकडा मोजायची ठरलेली पद्धतच नाही, त्यामुळे छापणारा काहीही छापतो. अॅम्पच्या मागच्या पट्टीवर मात्र लिहिलेलं होतं की हे यंत्र जास्तीत जास्त ९० वॅट वीज घेतं. ९० घेणारं यंत्र सतत हजार देईल कुठून? त्यातून वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला थोडासाच. स्वस्तातला बॉक्स पारखायचा तर वॅट नंतर बघावेत. आधी बॉक्सचं भोक बघावं.

बॉक्सला काळा दोराही बांधलेला होता, नजर लागून आवाज बसू नये म्हणून. आवाज बसतो तो आतली कॉइल तापून जळल्यामुळे, नाहीतर पडदा मर्यादेबाहेर हलून कॉइल घासल्यामुळे. दोऱ्याने यातलं काहीच थांबत नाही. पडदा असा बेफाम का हलतो, तेही त्या भोकापाशीच कळतं.

बेसची सगळ्यात जाड तार, ई, सेकंदाला ४१ वेळा कंपते. तिची ध्वनिलहर सुमारे साडेआठ मीटर लांब. उघडा स्पीकर पुढे हवा दाबतो त्याच क्षणी मागे हवा विरळ करतो. एवढ्या लांब लहरीला स्पीकरला वळसा घालणं काहीच अवघड नसतं, त्यामुळे पुढची आणि मागची लहर एकमेकींना खाऊन टाकतात. बॉक्सचं पहिलं काम म्हणजे मागची लहर कोंडून ठेवणं. पण कोंडली की ती वायाच गेली. तिला उलटी करून पुढच्या लहरीच्या मदतीला आणता येईल का? येतं, आणि तेही बॉक्सच्या भोकात बसवलेल्या प्लास्टिकच्या पाईपच्या एका तुकड्याने. बेल प्रयोगशाळेतल्या अल्बर्ट थुरास यांना या रचनेचं पेटंट १९३२ साली मिळालं. तिचं नीट गणित १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी मांडलं.

घरी करून बघा. रबरबँडला कुलूप लटकवा, वरचं टोक हातात धरा. हात सावकाश वरखाली केला तर कुलूप हाताबरोबर जातं. भराभर हलवला तर हात वर जाताना कुलूप खाली येतं. या दोन्हींच्या मध्ये एक वेग असा सापडतो की हात जेमतेम हलतो आणि कुलूप उसळ्या मारतं. आता हात म्हणजे स्पीकरचा पडदा, रबर म्हणजे बॉक्समधली कोंडलेली हवा आणि कुलूप म्हणजे पाईपमधला हवेचा दट्ट्या. हात वर जाणं म्हणजे पडदा आत जाणं, कुलूप वर जाणं म्हणजे दट्ट्या बाहेर येणं. सावकाश कंपनांत पडदा आत गेला की दट्ट्या बाहेर येतो आणि दोघे एकमेकांना मारतात. भराभर कंपनांत दोघे एकत्र बाहेर येतात. मधल्या ठिकाणी पडदा जवळजवळ स्थिर राहतो आणि आवाज पाईप काढतो. ६० लिटरचा बॉक्स, आतून १० सेंटिमीटर व्यासाचा आणि १५ सेंटिमीटर लांबीचा पाईप घेतला तर हे ठिकाण ४२ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४२ कंपनांच्या आसपास येतं. तिथे घुमणाऱ्या हवेचं वजन अवघं दोन ग्रॅम भरतं!

भाच्याच्या फोनवर ठरावीक कंपनांचा सूर काढणारं अॅप होतं. अॅम्पचा आवाज लहान ठेवून १०० हर्ट्झपासून खाली आलो. भोकापुढे अगरबत्ती धरली होती. ५८ ला धूर जोरात फाटला आणि पडदा थिजल्यासारखा झाला. ४१ वर आलो तर पडदा नुसता फडफडायला लागला, आवाज मात्र नाही. तरीही गिटारची ई तार छेडली की ती थोडीफार ऐकू येत होती, कारण तिचा ८२ हर्ट्झचा स्वर बराच जोरकस असतो आणि हरवलेला मूळ स्वर मेंदू त्यावरून भरून काढतो.

टॉर्च मारून आत पाहिलं. पाईप कुणीतरी कापलेला, पाच सेंटिमीटर उरलेला. जळगावात पीव्हीसी पाईपची वानवा नाही. ११० मिलिमीटरचा, आतून दहाच्या जरा वर भरणारा तुकडा १५ सेंटिमीटर कापून चिकटवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा अगरबत्ती लावली, तर पडदा ४३ ला थांबला. मोकळी ई छेडल्यावर खिडकीची काच थरथरली. यासाठी थोडं मोलही द्यावं लागलं. साठ-सत्तर हर्ट्झजवळचा ठसका कमी झाला. छोटा बॉक्स, खोल बेस आणि मोठा आवाज, तिन्ही एकत्र मिळत नाहीत.

बँडच्या गाडीवर, उघड्या रस्त्यात भिंतींचा आधार नसतो. तिथे असाच दुसरा बॉक्स लागेल. दोन्ही ८ ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) असले आणि समांतर जोडले तर ४ ओहम होतात. अॅम्पच्या मागे "किमान ४ ओहम" असं लिहिलेलं आहे, म्हणजे चालेल. तिसरा जोडायचा नाही, हे मी त्याला खडूने बॉक्सच्या पाठीवर लिहून दिलं.