कलम २९५-अ ची पार्श्वभूमी : लाहोर, सिमला आणि महाड

धर्माचा अवमान केल्याबद्दल एखाद्या लेखकावर, चित्रकारावर किंवा समाजमाध्यमावर चार ओळी लिहिणाऱ्या तरुणावर गुन्हा दाखल झाला, की बातमीत बहुतेक वेळा भारतीय दंडविधानाच्या कलम २९५-अ चा उल्लेख असे. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ ने घेतली असली, तरी तरतूद जवळजवळ तीच आहे. तिचे शब्द ज्यांनी घडवले त्यांनी ते फार जपून घडवले होते आणि त्यामागे कोणती भीती व कोणती काळजी होती, हे आजच्या वादात क्वचितच आठवले जाते.

मेकॉलेच्या १८३७ च्या मसुद्यातून पुढे आलेल्या आणि १८६० मध्ये मंजूर झालेल्या दंडविधानात धर्मविषयक गुन्ह्यांचे एक स्वतंत्र प्रकरण होतेच. पूजास्थानाची विटंबना, धार्मिक सभेत अडथळा, दफनभूमीतील अतिक्रमण आणि कलम २९८ खाली कोणाच्या कानावर पडतील असे दुखावणारे शब्द मुद्दाम उच्चारणे, एवढे त्यात येत होते. छापील मजकुराचा विचार मात्र तिथे नव्हता. जोतीराव फुल्यांनी धर्मग्रंथांवर आणि पुरोहितशाहीवर जे जळजळीत लिहिले ते याच काळात, आणि त्याला प्रखर उत्तर मिळाले ते विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधमालेतून. १८९८ मध्ये आलेले कलम १५३-अ समाजगटांत वैर पसरवण्याविषयी होते, धर्माच्या अवमानाविषयी नव्हते. हा फरक पुढे लाहोरमध्ये निर्णायक ठरला.

१९२० च्या दशकातील पंजाब शुद्धी (हिंदू धर्मात परत घेणे) आणि तबलीग (इस्लामचा प्रचार) या परस्परविरोधी चळवळींनी तापलेला होता आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या श्रद्धास्थानांवर चिखलफेक करणारी पत्रके निघत होती. त्यातच १९२४ मध्ये लाहोरचे प्रकाशक राजपाल यांनी ‘रंगीला रसूल’ ही पैगंबरांच्या खासगी जीवनावरची पुस्तिका लेखकाचे नाव न देता प्रसिद्ध केली. महात्मा गांधींनी तिचा तीव्र निषेध केला. सरकारने कलम १५३-अ खाली खटला भरला आणि खालच्या न्यायालयांत राजपाल दोषी ठरले. पण मे १९२७ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती दलीप सिंग यांनी त्यांची सुटका केली. पुस्तिका मत्सरी आणि दुष्ट आहे, हे त्यांना मान्य होते. मात्र दिवंगत धर्मसंस्थापकावरची टीका, ती कितीही हीन असली तरी, समाजगटांतील वैरासाठी केलेल्या कलमात बसत नाही, असे त्यांनी म्हटले. निकालानंतर पंजाबात संतापाची लाट उसळली. काही महिन्यांतच अमृतसरच्या एका मासिकातील तशाच लेखाबद्दल त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने १५३-अ खालीच शिक्षा सुनावली. कायदा कोणत्या बाजूचा, हे आता कोणालाच सांगता येत नव्हते.

सप्टेंबर १९२७ मध्ये सिमल्याच्या मध्यवर्ती कायदेमंडळात २९५-अ हे नवे कलम आले ते या पेचातून. मसुदा छाननीसाठी सदस्यांच्या प्रवर समितीकडे गेला आणि या साऱ्या इतिहासातला माझ्या मते सर्वांत मोलाचा बदल तिथे झाला. एखादा लेखक समाजसुधारणेच्या हेतूने, अनुयायांना धक्का देऊन जागे करण्यासाठी, धर्मावर कठोर टीका करील आणि ती वरवर अवमानासारखी दिसेल, याची समितीने स्पष्ट दखल घेतली. म्हणून नुसता ‘हेतुपुरस्सर’ अवमान पुरेसा न मानता तो ‘हेतुपुरस्सर आणि दुष्टबुद्धीने’ केलेला असला पाहिजे, अशी अट घातली गेली. इतिहासाचे संशोधन करणाऱ्यांना आणि धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्यांना संरक्षण मिळालेच पाहिजे, असे महंमद अली जिना यांनी त्या चर्चेत बजावले होते.

कायदा संमत झाल्यानंतर तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. ज्यांना तो ग्रंथ पूज्य होता त्यांच्या दृष्टीने तो घोर अवमान होता. ज्यांना त्या ग्रंथाने माणूस म्हणून नाकारले होते त्यांच्या दृष्टीने ती मुक्तीची घोषणा होती. सिमल्यातील समितीने कल्पिलेला ‘सुधारणेसाठी दिलेला धक्का’ याहून नेमका कोणता असू शकतो?

लाहोरमध्ये मात्र कायद्याने रक्तपात थांबला नाही. ६ एप्रिल १९२९ रोजी राजपाल यांचा त्यांच्या दुकानातच भोसकून खून झाला. मारेकरी इल्मुद्दीन याच्या अपिलात जिनांनी वकिली केली, तरी फाशी टळली नाही. फाळणीनंतर पाकिस्तानने दंडविधानातले हेच धर्मविषयक प्रकरण वाढवत नेले. झिया-उल-हक यांच्या राजवटीत १९८२ मध्ये कुराणाच्या विटंबनेविषयीचे २९५-ब आणि १९८६ मध्ये २९५-क आले, आणि २९५-क मध्ये पैगंबरांच्या अवमानाला देहदंडाची तरतूद झाली. त्या कलमात हेतूची अटच नाही.

भारतात कलमाची घटनात्मक कसोटी लागली ती १९५७ मध्ये, ‘गौरक्षक’ मासिकाचे संपादक रामजीलाल मोदी यांच्या खटल्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी कलम वैध ठरवले, पण अजाणतेपणी किंवा निष्काळजीपणे झालेला, दुष्ट हेतू नसलेला अवमान त्यात येत नाही, हेही सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१० मध्ये इस्लामवरील एका पुस्तकाची बंदी कायम ठेवताना, कोणत्याही धर्मावर टीका करण्याचा अधिकार घटनेने दिला आहे, हे तत्त्व मान्य केले होते.

अडचण कलमाच्या शब्दांपेक्षा प्रक्रियेत अधिक आहे. न्यायालयाला खटल्याची दखल घेण्यासाठी सरकारची पूर्वमंजुरी लागते. पण गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याने तक्रार नोंदवायला व अटक करायला ती लागत नाही. त्यामुळे पोलीस ठाण्यात प्रश्न विचारला जातो तो कोणाच्या भावना दुखावल्या एवढाच, आणि लिहिणाऱ्याच्या हेतूचा विचार व्हायला वर्षे उलटतात. २०१३ च्या एका मासिकाच्या मुखपृष्ठावर विष्णूच्या रूपात दाखवल्याबद्दल महेंद्रसिंग धोनीवर झालेली फिर्याद, दुष्ट हेतू दिसत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली ती २०१७ मध्ये. धोनीकडे नामवंत वकील होते. तालुक्याच्या गावातील शिक्षकाला किंवा लोककलावंताला ते परवडत नाहीत, आणि निर्दोष ठरण्याआधीच त्याची नोकरी किंवा पुढचे कार्यक्रम गेलेले असतात. नवी संहिता करताना ही उणीव दूर करण्याची संधी होती. कलमाचा क्रमांक बदलला आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांचा उल्लेख तेवढा आला. अटकेपूर्वी हेतूची प्राथमिक तपासणी सक्तीची करणारी तरतूद त्यात आली नाही.