चिंपांझीला दिवसभर काम पाहिजे

युगांडातल्या एन्टेबे शहरापासून २३ किलोमीटरवर, व्हिक्टोरिया सरोवरात, न्गांबा नावाचं बेट आहे. आकार सुमारे १०० एकर. त्यातली जेमतेम दोन एकर जागा माणसांची, उरलेलं सगळं जंगल चिंपांझींचं, आणि मधे झटक्याचं कुंपण. १९९८ च्या ऑक्टोबरपासून इथे अनाथ चिंपांझी सांभाळले जातात. सध्या ते पन्नासच्या आसपास आहेत. सकाळी अकरा वाजता केअरटेकर बादल्या घेऊन कुंपणाशी आले की जंगलातून आधी आवाज येतो. 'हू-हू' असा सुरू होऊन चढत चढत किंकाळीपर्यंत जाणारा. मग एकेक जण झाडीतून बाहेर येतो, गवतात बसतो आणि हात वर करतो. पपईची फोड, गाजर, फणसाचा तुकडा हवेतून येतो आणि बहुतेक वेळा अलगद झेलला जातो. दोन्ही हात भरले की तिसरा तुकडा तोंडात, चौथा काखेत. मग स्वारी दोन पायांवर डुलत डुलत झाडीत पसार.

बघायला गंमत वाटते, पण अशा केंद्रांची सगळ्यात मोठी डोकेदुखी याच पंधरा मिनिटांत आहे. रानातला चिंपांझी जागेपणाचा जवळजवळ निम्मा वेळ खाणं शोधण्यात आणि चावण्यात घालवतो. कुठल्या उंबराला आता फळ आलं असेल हे लक्षात ठेवायचं, तिथवर चालत जायचं, चोथाच जास्त असलेली फळं चघळून चघळून त्यांतला रस काढायचा, वारुळात काडी घालून वाळवी ओढायची. इथे तेच जेवण बादलीतून येतं आणि पाव तासात संपतं. मग उरलेल्या दिवसाचं काय करायचं?

बेटावर जंगल आहे ना, मग खाऊ देत तिथलंच, असं कुणीही म्हणेल. हिशोब मात्र जुळत नाही. १०० एकर म्हणजे ०.४ चौरस किलोमीटर. टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात जवळपास एवढ्याच संख्येची टोळी दहा-पंधरा चौरस किलोमीटरवर फिरते. न्गांबाचं जंगल पन्नास जणांची वरकड भूक भागवतं, पोट भरत नाही. त्यामुळे भाजी-फळं एन्टेबेच्या बाजूने होडीनेच यावी लागतात, आणि तलाव खवळला की वेळापत्रक कोलमडतं.

रिकामा वेळ चिंपांझीला अक्षरशः आजारी पाडतो. पिंजऱ्यात वर्षानुवर्षं काढलेला प्राणी बसल्या जागी पुढे-मागे झुलत राहतो. स्वतःचे केस उपटतो, दंड आणि पोटऱ्या उघड्या पडेपर्यंत. खाल्लेलं तोंडात परत आणून पुन्हा गिळतो. या खोडी आसरा मिळाल्यावर कमी होतात, पण सगळ्यांच्या सगळ्या जात नाहीत. अमेरिकेत प्रयोगशाळेतल्या प्रौढ चिंपांझीसाठी कायद्याने ठरवलेली किमान जागा सुमारे २५ चौरस फूट होती. म्हणजे घरातल्या न्हाणीघराएवढी. तिथे वीस-तीस वर्षं राहिलेला प्राणी पहिल्यांदा गवतावर पाय ठेवायलाही कचरतो. भिंतीच्या कडेकडेने चालतो, सिमेंटची पट्टी सोडत नाही. त्याला ढकलायचं नसतं. दार उघडं ठेवायचं आणि थांबायचं. कुणाला दोन दिवस लागतात, कुणाला कित्येक महिने.

म्हणून चांगल्या केंद्रातला केअरटेकर अर्धा दिवस एकाच उद्योगात असतो: जेवण अवघड करून ठेवायचं. फूटभर लांबीचा जाड पीव्हीसी पाइप घ्यायचा, दोन्ही टोकं बंद करायची, मधे काडी सहज जाईल पण पूर्ण बोट जाणार नाही एवढी दोन-तीन भोकं पाडायची आणि आत मध किंवा कुस्करलेलं केळं भरून तो जाळीला बाहेरून बांधायचा. आता काडी शोधा, तिची पानं ओरबाडा, टोक चावून कुंचला करा आणि चाटा. दोन मिनिटांचा खाऊ अर्धा तास पुरतो. सूर्यफुलाच्या बिया पेंढ्यात उधळल्या तर एकेक वेचण्यात सकाळ जाते. उन्हाळी भागात बादलीत पाणी आणि फळांचे तुकडे घालून गोठवतात. तो बर्फाचा गड्डा फोडणं हा मोठाच कार्यक्रम असतो. काही ठिकाणी सिमेंटचं खोटं वारूळ बांधून त्याच्या नळ्यांत रोज वेगळी चटणी भरतात.

यात चुकाही नेहमीच्याच होतात. भोक मोठं पडलं की पूर्ण बोट आत जातं आणि कोडं एका मिनिटात निकालात निघतं. बारीक पडलं तर दोघं-तिघं वैतागून पाइपच उखडतात. दोरीचा फास सैल राहिला तर पिल्लाची मान अडकू शकते, म्हणून दोरी आखूड आणि गाठ घट्ट. आणि तेच कोडं सलग आठवडाभर दिलं तर चौथ्या-पाचव्या दिवशी त्याकडे कुणी फिरकत नाही, मग पाइप आलटून पालटून काढावे लागतात.

खायला काय द्यायचं, यातही एक मेख आहे. चिंपांझी म्हटलं की आपल्याला केळं आठवतं. बाजारातलं केळं, आंबा, कलिंगड ही माणसाने गोडीसाठी वाढवलेली फळं. रानफळांच्या मानाने त्यांत साखर जास्त आणि चोथा कमी. नुसती ती दिली तर वजन वाढतं, दात किडतात, मधुमेहही होतो. त्यामुळे ताटात कोबी, गाजर, रताळी, पाला यांना मोठी जागा. माणसासारखंच चिंपांझीचं शरीर क जीवनसत्त्व तयार करत नाही, तेव्हा ताजं काहीतरी रोज हवंच.

फेकण्याचीही रीत असते. ढीग एका जागी टाकला तर म्होरक्या नर आणि त्याचे दोन-तीन दोस्त त्यावर बसतात, दुबळे लांबून बघत राहतात. म्हणून पहिला मोठा तुकडा म्होरक्याला एका टोकाला द्यायचा आणि तो त्यात गुंतला की बाकीचं लांबलांब पसरून टाकायचं. तुकड्यांची संख्या डोक्यांच्या संख्येपेक्षा बरीच जास्त ठेवायची. चार मोठे फणस देण्यापेक्षा शंभर फोडी बऱ्या.

कुंपणाचं यंत्र मराठी शेतकऱ्याला नवं नाही. डुकरं-रोह्यांसाठी शेतावर लावतात ते झटका मशीन, तत्त्व तेच: काही हजार व्होल्टचा पण क्षणभराचा ठोका, साधारण सेकंदाला एक. फरक इतकाच की डुक्कर काडी घेऊन तार तपासत नाही. चिंपांझी तपासतो. कोरडी फांदी तारेवर टेकवून बघतो, ओंडका टाकून तार वाकवतो, कुंपणाकडे झुकलेल्या झाडाचा पूल करतो. म्हणून कुंपणाच्या दोन्ही बाजूंचा पट्टा साफ ठेवावा लागतो. गवत तारेला टेकलं की वीज जमिनीत गळते आणि ठोका मंदावतो. जमीन फार वाळली की अर्थिंग धरत नाही. रोज सकाळी मीटर लावून आकडा लिहिणं हे कंटाळवाणं काम आहे आणि टाळलं की महागात पडतं. दुसरी सीमा पाणी. चिंपांझी सहसा पोहत नाही. अंगात चरबी कमी, स्नायू जड, तो बुडतो. म्हणून तर बेट निवडलं.

सिएरा लिओनमधल्या टाकुगामा केंद्रातून २००६ मध्ये ३१ चिंपांझी बाहेर पडले आणि त्यात एका टॅक्सीचालकाचा जीव गेला. बहुतेक प्राणी नंतर परत आले, पण टोळीचा म्होरक्या ब्रुनो आलाच नाही. चिंपांझीत माणसाच्या पाच-दहापट ताकद असते असं सर्रास सांगितलं जातं. २०१७ मध्ये स्नायूंची नीट मोजणी झाली तेव्हा वजनाच्या प्रमाणात ती सुमारे १.३५ पट निघाली. तेवढीही पुरते, कारण जोडीला सुळे असतात. केंद्रात प्रौढ चिंपांझीच्या खोलीत माणूस जात नाही, जाळीपासून हातभरापेक्षा जास्त अंतर ठेवतो, आणि प्रत्येक दाराचं कुलूप दोघांनी बघायचं असतं. जाहिरातीत दात दाखवून 'हसणारा' चिंपांझी दिसतो ना, तो घाबरलेला असतो. खेळताना तो वरचे दात झाकून तोंड सैल उघडतो.

केंद्रात येणारी पिल्लं साधारण एक ते तीन वर्षांची असतात. शिकारी आईला मारतात, मांस विकतात आणि पिल्लू पाळायला म्हणून विकायला काढतात. जप्त होऊन येतं तेव्हा कमरेला दोरीची जखम, पोटात जंत, अंगात पाणी नाही. त्याला साधारण ९० दिवस वेगळं ठेवतात, कारण क्षयाची चाचणी एकदा करून भागत नाही. पण या वयाचं पिल्लू एकटं ठेवलं तर औषध असूनही मरतं. रानात ते चोवीस तास आईच्या अंगाला चिकटलेलं असतं आणि चार-पाच वर्षांपर्यंत अंगावर पितं. त्यामुळे मास्क लावलेली एक व्यक्ती त्याला रात्रंदिवस अंगावर वागवते. मास्क शोभेचा नाही. आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात माणसाच्या साध्या सर्दी-खोकल्याच्या विषाणूंनी चिंपांझी मेल्याचं सिद्ध झालं आहे.

मग टोळीत सोडणं. सगळ्यांत कसबाचा भाग हा. आधी दुरून नजरानजर, मग जाळीतून बोटाला बोट, मग एकटी शांत स्वभावाची मादी, तिच्या मागून दुसऱ्या माद्या आणि पोरंटोरं, प्रौढ नर सगळ्यांत शेवटी. ज्या खोल्यांत हे चालतं त्यांना दोन दारं लागतात. पळणाऱ्याला गोल फिरून निसटता आलं पाहिजे, कोपऱ्यात सापडला की बोटं, कान, वृषणं यांना चावे बसतात. बघणाऱ्याचं लक्ष केसांवर असतं. अंगावरचे केस फुलले की पुढच्या क्षणी काहीतरी होणार. आलेल्याने पाठ फिरवून ढुंगण पुढे केलं, घशातून 'अह-अह' असा नमता आवाज काढला आणि समोरच्याने त्याच्या पाठीतल्या उवा बघायला घेतल्या, की केअरटेकरही श्वास सोडतात.

कोण कुणाला चालतं याला चिंपांझींच्या जगात फार महत्त्व आहे, आणि ते मोजलं गेलं न्गांबावरच. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जाळीपलीकडे खाऊ ठेवलेली फळी होती आणि तिच्या कड्यांतून एकच दोरी ओवलेली. दोन्ही टोकं एकाच वेळी ओढली तर फळी जवळ येते. एकट्याने एक टोक ओढलं की दोरी सरकून हातात येते आणि खाऊ तिथेच. शेजारच्या दोन खोल्यांत दोन जोडीदार, मावा आणि ब्वांबाले. दोरीपाशी असलेल्या चिंपांझीने दाराची खुंटी काढली की हवा तो जोडीदार आत. टोकं एकट्याच्या हातात मावत असली तर चिंपांझी दार उघडायच्या भानगडीत फारसे पडत नसत. लांब असली तर उघडत. सुरुवातीला दोघांनाही सारखंच बोलावलं गेलं. पण मावा घाई करून काम बिघडवतो, ब्वांबाले नीट ओढतो, हे एकदा अनुभवल्यावर पुढच्या फेरीत ब्वांबालेचंच दार जास्त वेळा उघडलं.

दवाखान्याचं कामही आता बरंच जाळीतूनच होतं. आधी बोटाने खांद्याला स्पर्श, बक्षीस म्हणून सरबताचा घोट. मग बिनसुईची सिरिंज, मग बोथट सुई, मग खरी. काही आठवड्यांत चिंपांझी आपणहून खांदा जाळीला लावतो. बंदिवासात वाढलेल्यांत, विशेषतः नरांत, हृदयाच्या स्नायूंत तंतू वाढून होणारा विकार हे मृत्यूचं मोठं कारण आहे, त्यामुळे छाती पुढे करून स्वस्थ बसायलाही शिकवतात; सोनोग्राफीसाठी भूल द्यावी लागत नाही.

पिल्लं होऊ न देणं हे पाहुण्यांना खटकतं. पण चिंपांझी पन्नास वर्षं जगू शकतो. केंद्रात जन्मलेलं प्रत्येक पिल्लू जप्त होऊन येणाऱ्या एकाची जागा तेवढी वर्षं अडवणार. म्हणून माद्यांना बायकांना बसवतात तसलंच हार्मोनचं काडीएवढं रोपण कातडीखाली करतात. ते काही वर्षांनी बदलावं लागतं आणि मैत्रिणी उवा काढता काढता तेही उकरून काढतात, हा आणखी एक ताप. नरांची नसबंदी तरी खात्रीची असावी? अमेरिकेत लुइझियानातल्या चिंप हेवन केंद्रात सगळ्या नरांची ती झालेली असताना २००७ मध्ये एक मादी व्याली. डीएनए तपासून बाप शोधावा लागला. त्याची शस्त्रक्रिया फसली होती.

आणि जंगलात परत सोडणं? काँगो प्रजासत्ताकात कॉन्कुआतीच्या जंगलात १९९६ पासून पुढच्या काही वर्षांत ३७ चिंपांझी सोडले गेले, आणि त्यांतले बरेच टिकले. पण सोडलेल्या नरांवर रानातल्या नरांनी हल्ले केले, काहींना उपचार करून वाचवावं लागलं. माद्यांना परकी टोळी सामावून घेऊ शकते, नराला जवळजवळ कधीच नाही. शिवाय माणसाची भीती मोडलेला चिंपांझी थेट शेतात आणि घरात शिरतो. बहुतेकांसाठी केंद्र हाच शेवटचा मुक्काम.

संध्याकाळी न्गांबावर पेज असते. कोकणातली तांदळाची नाही, पिठाची, दाट. तिच्या ओढीने टोळी रात्रीच्या खोल्यांकडे येते, आणि दारातून आत जाताना मोजदाद होते. आत उंचावर झोळ्या टांगलेल्या, खाली वाळलं गवत. रानातला चिंपांझी रोज रात्री नवा बिछाना करतो: फांद्या मधोमध वाकवून एकमेकींत अडकवायच्या, वर पालेदार डहाळ्या, तीन-पाच मिनिटांचं काम. ते आईच्या कुशीत बसून, पहिल्या दुसऱ्या वर्षापासून बघत बघत शिकतात. ज्याची आई आधीच गेली त्याच्यापुढे गवताचा भारा टाकला तर तो त्यावर नुसता बसून राहतो. मग शेजारी दुसरा कुणी गवत स्वतःभोवती गोल ओढून हाताने थोपटत असतो, त्याच्याकडे तो बघतो. आणि काही जण पेजेलाही येत नाहीत. मोजणीत ते कमी भरतात. रात्र ते झाडावर काढतात, स्वतः केलेल्या बिछान्यात.