स्वेटरसाठी देशी लोकर घेताय? आधी तंतूची जाडी बघा

सोलापुरात विणकामाच्या सामानाच्या दुकानात लोकर मागितली की रंगीबेरंगी गुंडे समोर येतात, पण लेबल उलटून वाचा, बहुतेकांवर अ‍ॅक्रिलिक लिहिलेलं असतं, म्हणजे पेट्रोलियमपासून बनवलेला प्लास्टिकचाच धागा. आणि इकडे सांगोला, मंगळवेढ्याच्या माळावर धनगरांच्या दख्खनी मेंढ्या चरतायत, त्यांची खरी लोकर कातरून पडते आणि तिला धड भाव मिळत नाही. मला हे फार खटकतं.

पण म्हणून दख्खनी लोकर आणून लगेच बाळाचं टोपडं विणायला बसू नका, ते टोचणारच. लोकरीचा तंतू मायक्रॉनमध्ये मोजतात, १ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मेरिनो या बारीक लोकरीच्या मेंढीच्या जातीचा तंतू साधारण १८ ते २४ मायक्रॉनचा, आणि दख्खनीचा ३० च्या बराच वर. धाग्यातून तंतूंची टोकं बाहेर आलेली असतात, बारीक टोक कातडीला लागलं की वाकतं, जाड टोक वाकत नाही, ते रुततं आणि तिथल्या नसा चाळवतात. तंतूची जाडी दुप्पट झाली की तो वाकवायला १६ पट जोर लागतो, त्यामुळे २० आणि ४० मायक्रॉनमधला फरक अंगाला लगेच कळतो. लोकर टोचली की आपण "मला लोकरीची अ‍ॅलर्जी आहे" म्हणून मोकळे होतो, पण बऱ्याचदा कारण एवढंच असतं की तंतू जाड आहे.

हाच जाडपणा घोंगडीत कामाला येतो. जाड तंतू दणकट असतो, घासला तरी लवकर झिजत नाही. म्हणून दख्खनीचं हातकताईचं सूत मिळालं तर पिशवी, आसन, पायपुसणं किंवा अस्तर लावून घालायचं जाकीट विणा. काळा-करडा रंग मेंढीचाच, रंगवायची गरजच नाही, आणि मला तरी तो कुठल्याही डायपेक्षा सुंदर वाटतो.

अंगाला लागणाऱ्या कपड्यासाठी आपल्याच देशातली बारीक लोकर शोधा. राजस्थानातली चोकला बाकी देशी जातींच्या मानाने मऊ आहे, काश्मीर मेरिनो आहे, आणि अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने संकरातून भारत मेरिनो तयार केलीय. फक्त एक लक्षात ठेवा, लुधियानात कातलेला गुंडा म्हणजे लोकर भारतातली असं नाही, तिथल्या गिरण्या ऑस्ट्रेलियातून भरपूर लोकर आणतात, म्हणून दुकानदाराला मेंढी कुठली ते विचाराच.

खरी-खोटी ओळखायची तर धाग्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवा (लहान मुलं जवळ नकोत). लोकर केसांसारखीच केराटिन प्रोटीनची, त्यामुळे जळक्या केसांचा वास येतो, काडी बाजूला केली की ती विझते आणि राख बोटाने चुरडली जाते. अ‍ॅक्रिलिक वितळत जळतं आणि मागे काळी टणक गोळी राहते. मिक्स धागा असेल तर दोन्ही लक्षणं थोडी थोडी दिसतात.

एवढा खटाटोप कशाला, इथं थंडी असते किती, असं कुणी म्हणेल. पण पहाटे शेतावर किंवा बाईकवर जाणाऱ्याला विचारा! लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा आत घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि वाफ शोषताना थोडी उष्णताही सोडते. अ‍ॅक्रिलिक १-२ टक्केच घेतं, म्हणून ऊन वर आलं की त्यात घाम चिकचिकतो.

धुण्याचं मात्र सांभाळा. लोकरीच्या तंतूवर कौलांसारखे एकावर एक खवले असतात, गरम पाण्यात चोळलं की ते एकमेकांत अडकतात आणि मोठ्या माणसाचा स्वेटर नातवाच्या मापाचा होतो. एन्झाइमवाली पावडर प्रोटीन खाते, ब्लीच तर लोकर विरघळवूनच टाकतं, त्यामुळे गार पाणी आणि रिठा बरा. न पिळता टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवा पसरून वाळवा, दोरीवर टाकलात तर पाण्याच्या वजनाने लांबतो.

आणि पूर्ण स्वेटरची लोकर घ्यायच्या आधी एकच गुंडा आणा, तळहाताएवढा चौकोन विणा, धुवा, आणि घरात वावरताना तासभर गळ्यापाशी कॉलरच्या आत खोचून ठेवा. हाताच्या बोटांना मऊ लागलेली लोकर गळ्याला टोचू शकते.