बेघर निवारा : मुंबईतील प्रवेशविषयक कायदे

पदपथ, पुलाखालची जागा, फलाट किंवा दुकानाची पायरी यांवर झोपणाऱ्यांना छत, अंथरूण, पाणी व शौचालय पुरविणाऱ्या सार्वजनिक जागेत कोणाला आणि कोणत्या अटींवर प्रवेश मिळावा, हे ठरविणारे नियम. महाराष्ट्रात यासाठी स्वतंत्र अधिनियम नाही. संविधानाच्या अनुच्छेद २१ (जगण्याचा हक्क) वरील निवाडे, सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आणि राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या (२०१३) मार्गदर्शक सूचना यांवर ही व्यवस्था उभी आहे.

निवाऱ्याच्या हक्काच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. मुंबईत सहसा ओल्गा टेलिस खटल्यापासून (१९८५) सुरुवात धरतात. त्यात उपजीविकेला जगण्याच्या हक्काचा भाग मानले गेले आणि पदपथवासीयांना हटविणे पावसाळा संपेपर्यंत लांबविले गेले. मात्र पदपथावर राहण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही आणि मुंबई महापालिका अधिनियमातील (१८८८) अतिक्रमण हटविण्याचे कलम ३१४ वैध ठरविले. दुसरे मत शांतिस्टार बिल्डर्स (१९९०) व चमेली सिंग (१९९६) या निवाड्यांकडे बोट दाखविते. त्यांत निवाऱ्याचा हक्क स्पष्ट शब्दांत येतो, पण विषय घरबांधणी व भूसंपादनाचा होता. बेघरांसाठी निवाऱ्याचे दार प्रत्यक्ष उघडे ठेवण्याचे बंधन शासनावर आले ते सर्वोच्च न्यायालयातील अन्नाच्या हक्काच्या याचिकेतून (२००१ ची क्र. १९६), हे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. दिल्लीतील थंडीतल्या मृत्यूंनंतर २०१० मध्ये या याचिकेत आदेश झाले : मोठ्या शहरांत दर १ लाख लोकसंख्येमागे चोवीस तास, बारमाही चालणारा एक निवारा हवा. अंमलबजावणी तपासण्यासाठी २०१६ मध्ये न्या. कैलाश गंभीर यांची समिती नेमली गेली.

अभियानाच्या सूचनांनुसार दर लाखामागे किमान १०० जणांची सोय व माणशी ५० चौ. फूट जागा लागते. म्हणजे शंभर जणांसाठी ५,००० चौ. फूट. मुंबईत खरी अडचण येथेच सुरू होते. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १.२४ कोटी, म्हणून निकषाने सुमारे १२४ निवारे व १२,४०० जागा होतात. त्याच जनगणनेत बेघर सुमारे ५७ हजार होते. निकष पूर्ण पाळला तरी चौघांपैकी एकालाही धड जागा मिळत नाही, कारण मोजमाप शहराच्या लोकसंख्येवर बेतले आहे, बेघरांच्या संख्येवर नाही. शिवाय ती बेघरांची गणती २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीची. त्या रात्री हमालीवर किंवा बाजारात असलेला माणूस तीत सहज सुटतो.

प्रवेशाच्या वेळी नोंदवहीत नाव, अंदाजे वय व मूळ गाव लिहितात. ओळखपत्राचा आग्रह आधीच धरला तर क्रम उलटा होतो : ओळखपत्र, शिधापत्रिका व निवृत्तिवेतन मिळवून देणे हे सूचनांनी निवाऱ्याशी जोडलेले काम आहे. रात्रपाळीच्या मजुराला दिवसा झोपायचे असते. दार फक्त संध्याकाळी उघडले, तर जागा असूनही तो बाहेर राहतो. स्त्री-पुरुषांची व्यवस्था वेगळी असल्यास पदपथावरची कुटुंबे फुटण्यापेक्षा उघड्यावर राहणे पत्करतात. त्यांना कौटुंबिक निवारा लागतो. कामाच्या ठिकाणापासून दूर असलेला निवाराही रिकामा पडतो.

एकटे आढळलेले मूल निवाऱ्यात ठेवून घेता येत नाही. बालन्याय अधिनियमानुसार (२०१५) त्याला २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते.

मुंबई भीक प्रतिबंध अधिनियम (१९५९) मात्र उलट दिशेने खेचतो. उपजीविकेचे दृश्य साधन नसताना, भीक मागून जगत असावा अशा रीतीने सार्वजनिक जागी वावरणे हेही त्यात ‘भीक मागणे’ ठरते व अशा व्यक्तीला वॉरंटशिवाय पकडता येते. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातील अनेक कलमे रद्द केली, परंतु तो निर्णय दिल्लीपुरता आहे. धरपकडीची धास्ती असलेला माणूस गणवेशधाऱ्यासोबत निवाऱ्याकडे यायला कचरतो. म्हणून त्याला आणायला पोलिसांऐवजी निवाऱ्याच्या कार्यकर्त्यांनी जाणे इष्ट.