एचआयव्ही, पायांच्या नसा आणि फिजिओथेरपी
एचआयव्ही असलेली व्यक्ती फिजिओथेरपीला आली की अजूनही पहिली चर्चा हातमोज्यांची होते. घाम, लाळ, अश्रू किंवा धडधाकट कातडीचा स्पर्श यांतून हा विषाणू पसरत नाही. त्यामुळे सांधे हलवणं, स्नायू ताणणं, मसाज, चालायला आधार देणं हे सगळं उघड्या हातांनी करता येतं. रक्त किंवा उघडी जखम असेल तर हातमोजे हवेतच, पण ते प्रत्येक रुग्णासाठी. कोणाच्या रक्तात काय आहे हे चेहऱ्यावरून कधी कळलंय?

ड्राय नीडलिंग, म्हणजे आखडलेल्या स्नायूत बारीक सुई टोचण्याचा उपचार, करणाऱ्यांनी सुई जपावी. बाधित रक्ताची सुई टोचली, तरी लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के धरतात. ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषधं सुरू करून २८ दिवस घेतली तर ती आणखी कमी होते. उलट प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाला सर्दी-खोकला झालेल्या थेरपिस्टपासूनच जास्त धोका असतो. तो मात्र कोणाच्या फारसा लक्षात येत नाही.

एचआयव्ही म्हणजे विषाणू, आणि एड्स म्हणजे उपचार न मिळाल्यास येणारी त्याची शेवटची अवस्था. हा विषाणू सीडी४ नावाच्या पांढऱ्या पेशी पोखरतो. निरोगी प्रौढाच्या रक्ताच्या घन मिलिमीटरमध्ये त्या ५०० ते १५०० असतात. २०० च्या खाली गेल्या की एड्स म्हणतात. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये विषाणू सापडला, १९९६ च्या सुमारास अनेक औषधं एकत्र देण्याची पद्धत आली आणि चित्र पालटलं. रोज गोळ्या घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका कमी होतो. तो तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातूनही जोडीदाराला लागण होत नाही.

माणसं आता या आजारासह म्हातारी होतात. फिजिओथेरपीचं खरं काम इथे सुरू होतं, कारण जगणं लांबलं तशी शरीराची कुरकुरही लांबली.

सगळ्यात नेहमीची तक्रार पायांची. विषाणूमुळे, आणि स्टॅव्हुडिनसारख्या जुन्या औषधांमुळेही, पायांच्या नसा म्हणजे मज्जातंतू खराब होतात. सुरुवात दोन्ही पायांच्या बोटांपासून होते आणि बधिरपणा मोजा चढवावा तसा वर सरकतो. कोणाला मुंग्या येतात, कोणाला रात्री चादर लागली तरी तळवे भाजतात. तपासणी अगदी साधी आहे: १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (आपटला की थरथरणारा धातूचा दुबेळका) वाजवून पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवायचा आणि कंप थांबला की सांगायला सांगायचं. फोर्क हातात थरथरत असताना रुग्ण ‘थांबला’ म्हणाला, की नसेची तक्रार ओळखावी. अशा माणसाचा तोल अंधारात जास्त जातो, डोळे मिटून उभं केलं तर लगेच दिसतं. मग तोल सावरण्याचे व्यायाम, योग्य पादत्राणं आणि रोज तळवे न्याहाळण्याची सवय लावायची. बधिर पायाला टोचलेलं कळत नाही. गरम शेक देतानाही हे ध्यानात ठेवायला हवं.

जुन्या औषधांनी काहींच्या तळव्यांची आणि नितंबांची चरबीही झडली. अशा माणसाला नुसतं बसणंसुद्धा दुखतं. त्याला व्यायामाआधी चांगली उशी द्यावी.

दुसरी गोष्ट खुब्याची. या रुग्णांत मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते निकामी होण्याचं प्रमाण जास्त असतं. स्टेरॉइड आणि दारू त्यात भर घालतात. दुखणं जांघेत असतं, पण पुष्कळदा रुग्ण गुडघ्यावर हात ठेवून तक्रार सांगतो. गुडघ्यात काही सापडत नाही आणि पाय खुब्यातून आत वळवताना दुखतो, असं असेल तर व्यायाम वाढवू नयेत, डॉक्टरांकडे पाठवावं. साधा एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ दिसू शकतो, एमआरआयमध्ये लवकर कळतं.

व्यायामाने प्रतिकारशक्ती आणखी ढासळेल ही भीती अनेक रुग्णांना असते. प्रकृती स्थिर असलेल्यांवरच्या चाचण्या वेगळंच सांगतात. आठवड्यातून तीनदा, दर वेळी किमान २० मिनिटं दम लागेल असा व्यायाम काही आठवडे केल्यावर दमसास वाढतो, मनही हलकं होतं. स्नायूंच्या व्यायामाची जोड दिली तर ताकदही वाढते. सीडी४ आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, साधारण होते तिथेच राहतात. थकवा मात्र दिवसागणिक बदलतो. काल सहज केलेलं आज जमत नाही, म्हणून तक्ता ठरवताना वाईट दिवसासाठी एक हलका पर्याय आधीच लिहून द्यावा. तो दिवस आला की रुग्ण घरी न थांबता तेवढं तरी करतो.