'तत्रैव'पासून टक्क्यांपर्यंत

बेळगावची महाविद्यालयं आधी मुंबई विद्यापीठाखाली होती, मग धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली गेली आणि २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे आली. मराठीच्या प्रबंधातली तळटीप मात्र आहे तिथंच आहे. लगेच तोच ग्रंथ पुन्हा आला तर 'तत्रैव', मध्ये दुसरा येऊन गेला असेल तर 'उ. नि.' (उपरिनिर्दिष्ट). हातानं लिहीत होते तोवर हे ठीक होतं. आता डीटीपीवाल्यानं एक परिच्छेद वर सरकवला की 'तत्रैव' भलत्याच लेखकाच्या गळ्यात पडतं.

कंसात आडनाव आणि साल लिहिलं की ही भानगड उरत नाही. ही रीत साहित्यवाल्यांची नव्हे. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ मध्ये गोगलगायीच्या अंड्यांवरील निबंधात ती वापरली. विज्ञानात शोध कोणत्या सालचा याला महत्त्व, म्हणून साल पुढे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९२९ मध्ये सात पानांच्या सूचना छापल्या, त्यातून 'एपीए' (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) ही संदर्भपद्धती वाढत गेली. भाषा-साहित्यासाठीची 'एमएलए' (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) ही पद्धती १९५१ ची. कवितेच्या अभ्यासात पान क्रमांक जास्त कामाचा, म्हणून ती कंसात सालाऐवजी पान देते. मराठीच्या विद्यार्थ्याला माझ्या मते हीच सोयीची.

सीमाभागातला खरा घोळ नावांचा. जुन्या म्हैसूरकडच्या कन्नड लेखकांना बहुधा आडनावच नसतं. यू. आर. अनंतमूर्ती यांच्या नावातला 'यू' उडुपीचा आणि 'आर' वडिलांचा, राजगोपालाचार्यांचा. सूचीत ते 'अनंतमूर्ती, यू. आर.' असेच यावेत. शहराचंही तेच: १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावी झालं म्हणून १८८४ च्या इंग्रजी गॅझेटियरच्या शीर्षकातलं 'बेलगाम' बदलायचं नाही. आतल्या शीर्षकपानावर छापलंय तेच उतरवायचं. प्रकाशनस्थळाचा वाद तर आपोआप मिटत आलाय: एमएलएनं २०१६ मध्ये आणि एपीएनं २०१९ मध्ये पुस्तकांच्या नोंदीतून गावाचं नावच काढून टाकलं.

धाक बसला तो यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांनी. प्रबंधाचं दुसऱ्यांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर माफ. त्यापुढे ४० पर्यंत प्रबंध सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचा. ६० च्या वर नोंदणीच रद्द. तेव्हापासून काही मुलं टक्का वाढेल या भीतीनं संदर्भसूचीच आखडती घेतात. त्याची गरज नाही. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश या मोजणीत धरतच नाहीत.